गोठ्यासाठी काढलेला ड्रॅगन

मला ड्रॅगन काढायचा नव्हता. निसर्गचित्रांची बॅच भरली होती, एवढंच.

डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ‘काहीतरी शांत’ करायला सांगितलं होतं. मी नेहमीप्रमाणे यादी केली : योगासनं, भजनी मंडळ, बागकाम, चित्रकला. योगासनं शेजारणीबरोबर करायची तर गप्पाच होतात. भजनाला आवाज लागतो. बागकामाला माती लागते, आणि आमच्याकडं मोकळी जमीन आहे ती फक्त गोठ्यात. तिन्हींवर काट मारली. रंकाळ्याजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी जलरंगाचे वर्ग होते. तिथं नाव घालायला गेले तर जागा उरली होती एकाच बॅचमध्ये, ‘जलरंगातील अद्भुतविश्व’. म्हणजे पऱ्या, राक्षस, उडते किल्ले, ड्रॅगन. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळते. कुठलं बेअरिंग कुठल्या कप्प्यात आहे हे मला झोपेतून उठवून विचारा. उडत्या किल्ल्यांशी माझा कधी व्यवहार झालेला नव्हता. पण रविवारची सकाळ मोकळी करून ठेवली होती आणि मोकळी केलेली सकाळ मी वाया घालवत नाही.

आमचे सर तिशीच्या अलीकडचे, बारीक, दाढीवाले, आणि कायम हळू आवाजात बोलणारे. पहिल्याच दिवशी कागद ओला करायला लावून ते म्हणाले, “आता रंग सोडा आणि बाजूला व्हा. पाण्याला बोलू द्या.”

मी पाण्याला बोलू दिलं. ते आधी कागदभर बोललं, मग बोर्डावरून ओघळून माझ्या मांडीवर बोललं. निळ्यात पिवळा गेला, त्यात लाल गेला, आणि शेवटी जो रंग झाला तो आमच्या फौंड्रीच्या मागच्या गटाराचा. शेजारच्या बाईंच्या कागदावर मात्र धुक्यातलं जंगल उमटलं होतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मला अशा बायका आवडत नाहीत.

पुढच्या रविवारी मी तयारीनं गेले. घरातला मिसळणाचा जुना डबा घासून त्यातल्या वाट्यांत रंग घातले, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. ब्रश लहानमोठे क्रमानं लावले. सरांनी डब्याचं कौतुक केलं. चित्राचं करण्यासारखं अजून काही नव्हतं.

ड्रॅगनसाठी मी माझी पद्धत काढली. जनावर मोठं, म्हणजे प्रमाण साधायला हवं, आणि मला प्रमाण साधतं ते ठिपक्यांच्या रांगोळीत. पेन्सिलीनं ठिपके मांडले, ओळी पट्टीनं तपासल्या आणि ठिपके जोडत ड्रॅगन काढला. ड्रॅगन अतिशय व्यवस्थित आला. चारही बाजूंनी आला. चार कोपऱ्यांत चार तोंडं, शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या आणि मधोमध आपोआप एक कमळ. सरांनी बोर्ड चारही बाजूंनी फिरवून बघितला.

“मॅडम, हे उंबऱ्यापुढं फार छान दिसेल,” ते म्हणाले.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. मला बसायला जागा नव्हती. मंगळवार पेठेतलं आमचं घर तसं लहान नाही, पण त्यातली प्रत्येक सपाट वस्तू कुणाच्या ना कुणाच्या मालकीची आहे. जेवणाच्या टेबलावर मी बोर्ड मांडला की नवरा दुकानाची बिलं घेऊन येतो. पलंगावर मांडला की इस्त्रीचे कपडे येतात. परीच्या पंखावर आमटीचा थेंब पडला तेव्हा नवरा म्हणाला, “बरं दिसतंय की, सोनेरी.” परी मी फाडून टाकली. नवऱ्याचं काही केलं नाही.

म्हणून माझी नजर गोठ्यावर गेली.

गोठा घराच्या मागं आहे. एके काळी तिथं म्हशींची ओळ होती आणि अर्धी गल्ली आमच्याकडून दूध न्यायची. आता एकच म्हैस उरली होती, तीही म्हातारी आणि भाकड. घरात दूध पिशवीचं यायचं आणि ज्यांच्या घरी पिशवीचं दूध येतं त्यांच्या गोठ्यात म्हैस बसून रवंथ करायची. मला तो अव्यवस्थितपणा वाटायचा. गोठ्यात घडीव फरशी होती, नळ होता आणि उत्तरेला मोठी खिडकी होती. चित्रासाठी उत्तरेचा उजेड सगळ्यात चांगला, असं सरांनी सांगितलं होतं. माझी नणंद शाहूवाडीला भातशेती करणाऱ्या घरात नांदते. म्हैस न्यायला ती एका पायावर तयार होती.

तयार नव्हते ते सासरे. मी त्यांना मामा म्हणते. सासूबाई गेल्यापासून मामांचा दिवस दोन ठिकाणी जातो : सकाळी गोठ्यात आणि संध्याकाळी तालमीसमोरच्या कट्ट्यावर.

सकाळच्या चहाला मी विषय काढला. “मामा, म्हैस वन्संकडं पाठवली तर?”

“का? तिनं काय तुझं घोडं मारलंय?”

“तिथं तिला हिरवी वैरण मिळेल. मोकळं रान, डोंगराची हवा.”

“मग तूच जा की. बी.पी. तर तुला हाय.”

“गोठ्यात मला चित्रं काढायला बसता येईल. उत्तरेचा उजेड आहे तिथं.”

“म्हशीला बी उत्तरंचाच उजेड आवडतो,” मामा म्हणाले. “तुजं काय म्हणणं हाय रं?” हे माझ्या नवऱ्याला. नवऱ्यानं पेपर थोडा वर केला. “मला ह्यात घेऊ नका,” पेपर म्हणाला.

मंगळवार पेठेत सकाळच्या चहाचं बोलणं संध्याकाळपर्यंत घरात राहत नाही. त्या दिवशी मामा कट्ट्यावरून आले ते मिशीला पीळ देतच.

“विषय निघाला कट्ट्यावर,” ते म्हणाले. “समदी म्हणत्यात, सून चित्रकार झाली तर गोठा द्यायला पायजे. मी म्हटलं, व्हय, पर चित्रकार झाली का न्हाय हे कुणी ठरवायचं? तर आता आसं. तू तो तुझा ड्रॅगन काढ. कट्ट्यावर आण. काय काढलंयस ते मी कुणाला सांगणार न्हाय, तू बी सांगायचं न्हाय. कट्ट्यावरच्या तिघांतल्या दोघांनी वळखला तर म्हस शाहूवाडीला. न्हाय वळखला तर गोठ्याचं नाव परत काढायचं न्हाय. हाय का ईर्षा?”

कोल्हापुरात एखाद्यापुढं हा शब्द टाकला की त्याचं डोकं बंद होतं आणि तोंड उघडतं. लोक ह्या शब्दापायी भाकरीची चवड संपवतात, बैलगाडी खांद्यावर घेतात, निवडणुकीला उभे राहतात. मी शहाणी, नोकरी करणारी, यादी केल्याशिवाय भाजीलाही न जाणारी बाई.

“हाय की,” मी म्हणाले.

महिनाभराची मुदत ठरली.

पहिला डाव मिठानं घालवला. ओल्या रंगावर मीठ टाकलं की ते रंग शोषून घेतं आणि चांदण्यांसारखे ठिपके उमटतात, असं सरांनी शिकवलं. त्यांच्याकडं बारीक मीठ होतं. माझ्या घरी लोणच्याचं खडेमीठ होतं. मी विचार केला, मोठा खडा तर मोठी चांदणी. रात्रीचं आकाश रंगवलं, मूठभर खडे पेरले आणि घरात वाळवायला कोरडी जागा नाही म्हणून बोर्ड गोठ्याच्या खिडकीत टेकवून फौंड्रीत गेले. परत आले तर आकाश नव्हतं. कागदावर खालपासून वरपर्यंत खरखरीत जिभेनं चाटलेला एक रुंद, गुळगुळीत पट्टा होता. म्हैस निवांत बसली होती. तिच्या नाकपुड्या निळ्या होत्या.

मामा दारात उभे राहून बघत होते. “बघितलं तिनं चित्र,” ते म्हणाले. “मीठ जरा जास्ती झालंय म्हणती.”

मी सरांकडं तक्रार घेऊन गेले. म्हशीची नाही. ड्रॅगनची. “सर, मी कधी ड्रॅगन बघितलेला नाही. न बघितलेली वस्तू मी कुठल्या कप्प्यात ठेवू?”

सर पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं बोलले. “मॅडम, ड्रॅगन कुणीच बघितलेला नाही. सगळे घरातल्याच सामानातून बनवतात. कुणी सरड्याचं तोंड घेतं, कुणी घोड्याची मान, वटवाघळाचे पंख. तुम्हाला रोज जे जनावर दिसतं त्याच्यापासून सुरुवात करा.”

मला रोज एकच जनावर दिसत होतं.

मग मी संध्याकाळी स्टूल घेऊन गोठ्यात बसायला लागले. मामांना वाटलं, मी जागेचं माप घेतेय. ते कडबा नीट लावायच्या निमित्तानं माझ्या मागं घुटमळत राहायचे.

“काय, भिंती मोजतीयास व्हय?”

“म्हैस बघतेय, मामा.”

“इतकी वरसं दिसली न्हाय व्हय तुला?”

दिसली होती, पण कधी बघितली नव्हती. म्हशीची नाकपुडी ही एक ओली गुहा असते आणि तिच्या कडेला काळा रंग निळा होतो. मानेवर कातडीच्या वळ्या एकीवर एक बसलेल्या असतात, थेट खवल्यांसारख्या. शिंगं मागं वळून पाठीला टेकायला निघालेली. पापण्यांचे केस इतके लांब की त्यांचा हेवा वाटावा. मी काढत गेले. चूक झाली की पान उलटायचं आणि पुन्हा. म्हैस मध्येच शेपटी मारायची, तेव्हा माझ्या पानावर शेणाचा एक शिंतोडा पडायचा आणि मी त्याच्याभोवती काढायचे. गोठ्यासाठी गोठ्यातच बसावं लागतंय ह्यात काही गंमत आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. मला मुदत दिसत होती.

शेवटचं चित्र मी वर्गातच काढलं, चांगल्या जाड कागदावर. डोंगर हवा होता. माझ्या डोक्यात एकच डोंगर आहे, तो जोतिबाचा. लहानपणापासून तिथं जातेय, दुसरा कुठून आणू? डोंगर काढला, त्यावर ओलं आकाश घातलं आणि वर ड्रॅगन : मान, वळ्या, शिंगं, वटवाघळाचे पंख, तोंडातून ज्वाळा. ज्वाळेसाठी लाल उचलला तर ब्रशमध्ये पाणी जास्त होतं. भला मोठा थेंब आकाशात पडला आणि गुलाबी होत पसरायला लागला. मी टिपकागद उचलला.

“हात लावू नका!” सर पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडले.

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. सांडलेली गोष्ट न पुसता बसून राहणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. गुलाबी ढग डोंगरावर पसरत गेला, कडेला विरत गेला आणि वाळला. मी बघत राहिले. हे माझ्या हातून झालं होतं, म्हणजे झालं नव्हतं, पण माझ्या बोर्डावर झालं होतं. शेजारच्या बाई उठून बघायला आल्या. “मी काहीच केलं नाही,” मी त्यांना सांगितलं.

त्याच संध्याकाळी बोर्ड टॉवेलात गुंडाळून कट्ट्यावर नेला. परीक्षक तिघं : एक माजी पैलवान, एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि ज्यांना सगळे आण्णा म्हणतात ते किराणा दुकानवाले, ज्यांचं दुकान आता मुलगा बघतो. मामा कडेला बसले. त्यांनी बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यांनी तोंडात तंबाखूचा बार भरला होता. मी बोर्ड तालमीच्या पायरीला टेकवला आणि टॉवेल काढला.

आण्णांनी आधी चष्मा पुसला. मग त्यांचे हात आपोआप जोडले गेले. “जोतिबाच्या नावानं—”

“चांगभलं!” सगळे म्हणाले. मामा तंबाखूसकट म्हणाले. मीही म्हणाले. गुलाबी ढग म्हणजे गुलाल, हे मला सोडून सगळ्यांना लगेच दिसलं होतं.

“झकास डोंगार काढलाय पोरी,” पैलवान म्हणाले. “गुलाल तर आसा उडालाय, नाकात गेल्यागत वाटतंय.”

 गोठ्यात टेबल कुठल्या भिंतीला लावायचं हे मी मनात ठरवून टाकलं.

“पर हे वर काय हाय?” कंडक्टर म्हणाले.

तिघं वाकले.

“घोडा,” पैलवान म्हणाले. “जोतिबाचा घोडा. त्यात काय वळखायचं?”

“घोड्याला शिंगं असत्यात व्हय?”

“शिंगं न्हाईत ती. कान हाईत.”

“एवढं कान?” कंडक्टरनी बोटानं अंतर दाखवलं. “मग घोडा कुठला? गाढव हाय ते.”

“आरं, देवाच्या डोंगरावर गाढव कशाला काढंल ती? शानी बाई हाय,” आण्णा म्हणाले.

“मग तुमी सांगा की, काय हाय.”

आण्णा इतके जवळ गेले की त्यांचं नाक कागदाला लागायचं राहिलं. “तोंडातनं काहीतरी निघतंय बघा. लाल.”  ज्वाळा ओळखली की संपलं. आण्णांनी मान हलवली, पुन्हा बघितलं आणि अतिशय खेदानं म्हणाले, “पान खाल्लंय.”

“पान खाल्लेलं गाढव,” कंडक्टर म्हणाले. “पंख बी हाईत त्याला.”

“आता पटलं,” पैलवान म्हणाले. “मान बघा की कशी. गाढवच.”

मामांनी तंबाखू थुंकली. “गाढव? आरं डोळं हाईत का बटणं? म्हस हाय ती! आमची म्हस हाय! नाकपुडी बघा, मानेवरच्या वळ्या बघा! गाढव म्हणं!”

तिघं पुन्हा वाकले. मग कंडक्टर सावकाश म्हणाले, “तुमची म्हस अशी दिसती? मग बरं झालं की, पाठवताय ते.”

“कोन पाठवतंय?” मामा उभे राहिले. “तू पाठव तुझ्या जावयाला शाहूवाडीला!”

कुणी ड्रॅगन म्हणालं नव्हतं. घोडा, गाढव, म्हैस, एवढीच यादी झाली होती. मी टॉवेल बोर्डावर टाकला. “हरले मी,” मी म्हणाले. “तो ड्रॅगन होता.”

“ड्रॅगन म्हंजे ती आग ओकणारी पाल?” आण्णांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी टॉवेल थोडा उचलून पुन्हा बघितलं. “हां. आता सांगितल्यावर दिसतीया. आधी सांगायचं न्हाय व्हय?”

मामा माझ्या चार पावलं पुढं चालत घरी आले. जिंकलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते. जेवताना त्यांनी एकच भाकरी खाल्ली आणि मध्येच थांबून म्हणाले, “गाढव.” नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मी शब्दाची पक्की आहे. गोठ्याचं नाव काढायचं नव्हतं म्हणून मी रंग कपाटात वरच्या फळीवर टाकले आणि पुन्हा यादी करायचं ठरवलं. भजनी मंडळाला आवाज लागतोच असं काही नाही, अशी मनाची समजूत घालत होते.

सकाळी चहा टाकत होते तेव्हा मागून हाक आली. “सूनबाई! ते तुझं सामान घिऊन हिकडं ये.”

मी गेले. म्हैस धुतलेली होती. शिंगांना तेल लावून ती चकचकीत केली होती. कपाळावर हळदीचा टिळा होता. गव्हाणीसमोर माझं स्टूल ठेवलेलं होतं.

“बस,” मामा म्हणाले. “काढ.”

“मामा, आपलं ठरलंय. मी गोठ्याचं नाव काढणार नाही.”

“तू नगो काढू. मी काढतोय. समद्या पेठंत गाढव म्हणायला लागल्यात तिला. सकाळी दूधवाला बी हसला. ज्या घराच्या दारात दूध न्यायला रांग लागायची, त्या घराच्या म्हशीला गाढव? परत काढ आणि कट्ट्यावर नीऊन दाखव.”

“नुसत्या स्टुलावर बसून रंगवता येत नाही, मांडीवर पाणी सांडतं. टेबल लागेल.”

“टेबल न्हाय. म्हशीला बसायला जागा कुठं ऱ्हातीया?”

“मग खिडकीखाली फळी.”

मामांनी खिडकी बघितली, म्हैस बघितली. “फळी चालंल,” ते म्हणाले. “पर म्हस जागची हलणार न्हाय. तिला सरक म्हणायचं न्हाय.”

तेव्हापासून माझा रियाज सुरू आहे. मामा तालमीत वाढलेले. चित्र काढणं म्हणजे त्यांच्या लेखी जोर-बैठका. सकाळी आधी नुसते खूर काढायचे. मग नुसते कान. कान जमेपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही. कंटाळा केला की “आटप, आटप,” आणि बरं जमलं की काहीच नाही. सरांना मी हे सांगितलं तर ते भारावून म्हणाले की परदेशातल्या चित्रशाळांतही असंच शिकवतात. मी मामांना तसं सांगितलं. “मग त्यास्नी हिकडं पाठव,” मामा म्हणाले.

एका बाबतीत मात्र आमचं रोज भांडण होतं. मी जे दिसतं ते काढते आणि मामांना ते चालत नाही.

“डोळा मोठा कर.”

“मामा, एवढाच आहे.”

“आत्ता एवढा हाय. पयल्या वेताच्या टायमाला बघायचा हुतास. आणि ती बरगडी कशाला दाखवलीस?”

“दिसतेय म्हणून.”

“लग्नाच्या फोटूत समदं दिसतं ते दावत्यात व्हय? वय झालंय तिचं. ते आपल्याला ठावं हाय. कट्ट्याला कशाला सांगायचं?”

मी बरगडी पाण्यानं पुसून काढली. डोळा मोठा केला. हनुवटी वर यायला हवी म्हणून मामा स्वतः तिच्या गळ्याखाली हात धरून उभे राहिले आणि तिच्या कानात काहीतरी बोलत राहिले. ती तोंड हलवत माझ्याकडं बघत होती. चित्र बऱ्यापैकी म्हशीसारखं झालं तेव्हा मी ब्रश खाली ठेवला.

“पंखांचं काय करू?” मी विचारलं. “आता ड्रॅगन नाही, तर पंख नकोत.”

मामांनी तिच्या पाठीकडं बघितलं. हात दुखला असावा, पण त्यांनी तिची हनुवटी सोडली नव्हती.

“ऱ्हाऊ देत,” ते म्हणाले. “शोभत्यात तिला. पर बारकं काढ. उडून जायाला नगोत.”

मी पेन्सिलीनं पाठीवर दोन पंख काढले. मामांनी मान लांब करून बघितले आणि अंगठा नि बोट जवळ आणून दाखवलं, अजून बारकं.